उदाहरण.परीक्षा : सहा वर्षे जगलेला पत्ता

बेंगळुरूच्या जे. पी. नगरात बहुभाषिकता नवी नाही. अरुंधती नाग यांच्या पुढाकाराने २००४ मध्ये उभे राहिलेले रंगशंकरा नाट्यगृह याच वस्तीत आहे आणि तिथे कन्नडबरोबर इतर भाषांतली नाटकेही होतात. रस्त्यावर मात्र लिपीचा प्रश्न अलीकडे तापला. कर्नाटकाने २०२४ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली आणि पाटीचा ६० टक्के भाग कन्नडमध्ये असणे सक्तीचे झाले. दुकाने, दवाखाने, शिकवण्या, सगळ्यांनी नवे फलक चढवले. कन्नड अक्षरे मोठी झाली, इंग्रजी अक्षरे कोपऱ्यात सरकली. त्याआधी काही महिने, सप्टेंबर २०२३ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या दुकानदारांनाही मराठी पाट्यांसाठी दोन महिन्यांची मुदत दिली होती.

दोन्हीकडे पाट्या बदलल्या, पण तळाची एक ओळ जशीच्या तशी राहिली. ती ई-मेलची. तिला कायद्याने हात लावला नाही आणि कुणा आंदोलकाने काळेही फासले नाही. ती ओळ रोमनच असणार, हे दोन्ही भाषांच्या अभिमान्यांनी मुकाट मान्य करून टाकले आहे. वास्तविक ती ओळ देवनागरीत किंवा कन्नडमध्ये लिहिण्याची सोय होऊन बरीच वर्षे झाली. जागतिक प्रमाणक तयार आहे, पत्ते विकत मिळतात, काही काळ तर फुकट वाटले गेले. तरीही तो पत्ता पाटीवर चढत नाही. याचे कारण शोधू लागलो, की आधी एका अशा पत्त्यापाशी यावे लागते जो मुळात कुणाचाच नव्हता.

सात बिटांची वाट

१९७१ मध्ये रे टॉमलिन्सन या अमेरिकी अभियंत्याने एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर निरोप धाडला, तेव्हा माणसाचे नाव आणि यंत्राचे नाव यांच्यामध्ये त्याने @ हे चिन्ह घातले. त्या काळचे बरेच संगणक अक्षरांसाठी ‘ॲस्की’ हा संच वापरत. त्यात सात बिटांत मावतील एवढीच, म्हणजे १२८ चिन्हे होती. ऑगस्ट १९८२ मध्ये ई-मेलचे नियम आरएफसी ८२१ आणि ८२२ या दोन दस्तऐवजांत पक्के झाले, ते याच १२८ चिन्हांच्या भरवशावर. पुढच्या वर्षी पॉल मोकापेट्रिस याने डोमेन नावांची व्यवस्था मांडली. तिच्यात व्यवहारात रोमन अक्षरे, अंक आणि जोडरेघ एवढेच चालू लागले. यात कुणाचा भाषिक कावा नव्हता. ज्यांच्यासाठी ही सोय होती त्यांना तेवढी अक्षरे पुरत होती.

भारतात याच दशकात आयआयटी कानपूरमध्ये भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे काम चालू होते. पुढे ते पुण्याच्या सी-डॅकमध्ये आले आणि ‘जिस्ट’ या नावाने घरोघरच्या डीटीपीवाल्यांना माहीत झाले. १९९१ मध्ये ‘इस्की’ हे भारतीय प्रमाणक जाहीर झाले. त्याची रचना हुशारीची होती. २५६ घरांपैकी खालच्या १२८ घरांत ॲस्की जसाच्या तसा ठेवायचा आणि वरच्या १२८ घरांत भारतीय अक्षरे बसवायची. अडचण एवढीच, की वरच्या घरांना आठवा बिट लागतो आणि ई-मेलची वाट सात बिटांची. वाटेतला एखादा जुना सर्व्हर आठवा बिट बेधडक छाटून टाकी, आणि ‘क’ लिहिलेला निरोप पलीकडे भलत्याच रोमन चिन्हांत उगवे. म्हणून त्या काळी अमेरिकेत शिकणारी मराठी मुले घरच्या आठवणीही रोमनमध्येच लिहीत. रोमन टंकून देवनागरी छापणारी अविनाश चोपडे यांची ‘आयट्रान्स’ ही पद्धत त्याच गरजेतून लोकप्रिय झाली.

१९९२ मध्ये नॅथॅनिएल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी ‘माइम’ आणले. त्यामुळे पत्राचा मजकूर कुठल्याही लिपीत जाऊ लागला. शीर्षकातले पाठवणाऱ्याचे नावही देवनागरीत दिसू लागले. पत्ता मात्र रोमनच राहिला. नाव वेगळे आणि पत्ता वेगळा, ही फारकत इथे कायम झाली. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वांसाठी इंटरनेट खुले केले. पुढच्याच वर्षी परदेशस्थ मराठी माणसांनी ‘मायबोली’ सुरू केली. नंतर ‘मनोगत’सारख्या संकेतस्थळावर लोक देवनागरी सदस्यनामांनी वावरू लागले. वाद घालायचा तो देवनागरी नावाने, पण परवलीचा शब्द विसरला तर तो येणार रोमन पत्त्यावर. हे कुणाला खटकलेही नाही.

क ने य ला पत्र लिहिले

कुठलीही व्यवस्था शिकवायची तर तिच्यात खोटी माणसे लागतात. बोलण्यात आपण अमका-तमका म्हणून भागवतो. कायद्याच्या पुस्तकात ते चालत नाही. भारतीय दंड संहितेच्या इंग्रजी मसुद्यात दृष्टांतांसाठी रोमन अक्षरांची माणसे होती. तीच मराठीत आली तेव्हा ‘क’ आणि ‘य’ झाली. ‘क’ने ‘य’ची अंगठी चोरली, ‘क’ने ‘य’वर हल्ला केला. पिढ्यान्‌पिढ्या वकील या दोघांच्या भांडणांवर शिकले. ‘क’ कुणीच नसल्याने त्याच्यावर कुठलाही गुन्हा लादता येतो.

संगणकाच्या सूचनापुस्तकांना असा ‘क’ बराच काळ मिळालेला नव्हता. लेखक मनाला येईल तो पत्ता नमुना म्हणून छापत. वाचक तोच पत्ता जसाच्या तसा टंकत आणि मग ज्याच्या मालकीचे ते डोमेन असेल त्याच्या दारात पत्रांचा ढीग पडे. जून १९९९ मध्ये डोनाल्ड ईस्टलेक आणि अलिझा पॅनिट्झ यांनी आरएफसी २६०६ लिहून हा प्रश्न सोडवला. ‘एक्झाम्पल डॉट कॉम’सह तीन नावे आणि ‘टेस्ट’, ‘एक्झाम्पल’, ‘इनव्हॅलिड’, ‘लोकलहोस्ट’ ही पत्त्याच्या शेवटी येणारी चार नावे त्यांनी कायमची राखून ठेवली. ती कुणाला विकत मिळणार नाहीत. पुस्तकात छापा, प्रोग्राममध्ये घाला, परीक्षेत विचारा. कुणाला उपद्रव नाही.

हे का लागते याचा नमुना नंतरही दिसला. ‘डू नॉट रिप्लाय डॉट कॉम’ हे नाव सिॲटलच्या एका गृहस्थाने २००० साली घेतले. बँका आणि कंपन्या आपल्या पत्रांवर पाठवणाऱ्याचा पत्ता म्हणून ते नाव बिनदिक्कत घालत. पोहोचू न शकलेली पत्रे आणि ग्राहकांची उत्तरे मग त्याच्याकडे येत. २००८ मध्ये ही गोष्ट ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये गाजली. खोटा समजून वापरलेला पत्ता खरा निघाला, की असे होते.

आरएफसी २६०६ मधली सगळी राखीव नावे रोमन होती. १९९९ मध्ये दुसरे काही शक्यच नव्हते.

अकरा पत्त्यांची चाचणी

ते शक्य करण्याची खटपट मात्र सुरू झाली होती. डिसेंबर १९९६ मध्ये मार्टिन ड्यूर्स्ट या स्विस संशोधकाने बहुभाषिक डोमेन नावांचा पहिला आराखडा मांडला. १९९८ मध्ये सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठात टॅन टिन वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तशी व्यवस्था चालवून दाखवली. वाद होता तो मार्गाचा. जगभरचे लाखो सर्व्हर बदलायचे, की त्यांना न कळू देता काम साधायचे? दुसरा मार्ग जिंकला. मार्च २००३ मध्ये ॲडम कॉस्टेलो याची ‘प्युनीकोड’ ही युक्ती प्रमाणक झाली. वाचणाऱ्याने ‘उदाहरण’ टंकायचे; ब्राउझरने त्याचे ‘एक्सएन, दोन जोडरेघा, पी १ बी ६ सी आय ४ बी ४ बी ३ ए’ असे रूप करून सर्व्हरला विचारायचे. सर्व्हरला वाटते, आपल्याला रोमनच काहीतरी विचारले. जुने यंत्र जुन्याच भाषेत राहते आणि माणसाला आपली लिपी दिसते.

आता राहिला पत्त्याचा अखेरचा तुकडा, म्हणजे टिंबानंतरचा भाग. तो बदलायचा तर इंटरनेटच्या मुळाशी असलेल्या यादीत देवनागरी शब्द घालावा लागणार होता. त्याने जगाचे इंटरनेट कोसळणार नाही, याची खात्री कोण देणार? म्हणून इंटरनेटवरच्या नावांचा कारभार पाहणाऱ्या ‘आयकान’ या संस्थेने ऑक्टोबर २००७ मध्ये अकरा खोटे पत्ते मुळात घातले. अरबी, फारसी, दोन्ही चिनी लिप्या, रशियन, हिंदी, ग्रीक, कोरियन, यिडिश, जपानी आणि तमिळ. प्रत्येकात तेच दोन शब्द, त्या त्या भाषेत. देवनागरीतला पत्ता होता ‘उदाहरण.परीक्षा’.

मराठी त्या यादीत नव्हती, कन्नडही नव्हती, पण ‘उदाहरण.परीक्षा’ मराठी माणसालाही परका वाटण्याचे कारण नव्हते. त्या पत्त्यावर एक विकी उघडत असे. तिथे कुणीही यावे, पाने जोडावीत, दुवे देऊन पाहावेत आणि आपला ब्राउझर काय करतो ते बघावे, असे आमंत्रण होते. त्या दिवसांत आपल्याकडे कितीतरी संगणकांवर इंटरनेट एक्स्प्लोरर ६ होता आणि त्याला असे नाव आपले आपण उमगत नसे. ज्यांना उमगे ते काही ब्राउझर फसवणुकीच्या भीतीने कच्चे ‘एक्सएन’ रूपच दाखवत. कारण २००५ मध्ये रशियन ‘अ’ घालून ‘पेपाल’चा हुबेहूब पत्ता करता येतो, हे एका प्रयोगाने जगाला दाखवून दिले होते. अशा सगळ्या खोडी बाहेर याव्यात, हाच तर या पत्त्यांचा उद्देश होता. देवनागरीला तिचा ‘क’ मिळाला होता.

मुळाला धक्का लागला नाही. नोव्हेंबर २००९ मध्ये देशांना आपापल्या लिपीत नाव मागण्याची वाट खुली झाली, मे २०१० मध्ये पहिली अरबी नावे आली आणि भारताची सात नावे २०११ मध्ये मुळात गेली : देवनागरी, बंगाली, गुजराती, तेलुगू, तमिळ, गुरुमुखी आणि उर्दू. या सातांत कन्नड नव्हती. ज्या शहरात देशाचे सॉफ्टवेअर घडते त्या शहराच्या लिपीला ‘भारत’ हा शब्द पत्त्याच्या शेवटी लिहिण्यासाठी आणखी काही वर्षे थांबावे लागले.

२३ ऑक्टोबर २०१३ रोजी नव्या जागतिक नावांची पहिली तुकडी मुळात दाखल झाली. चारही नावे रोमनेतर होती : दोन रशियन लिपीत, एक अरबी, एक चिनी. खरी नावे आली, आता खोट्यांचे काय काम, असा हिशेब झाला. ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी अकराही चाचणीपत्ते काढून टाकले. ‘परीक्षा’ हा शब्द राखीव नावांच्या यादीत आजही दिसतो, पण तो पत्ता कुठे जात नाही. त्याच वर्षी राखीव नावांचे नियम आरएफसी ६७६१ मध्ये नव्याने लिहिले गेले होते, त्यातही देवनागरीचा शब्द नव्हता. रोमन ‘एक्झाम्पल’ कायम राहिला आणि देवनागरी ‘उदाहरण’ची सहा वर्षांत सेवानिवृत्ती झाली.

कऱ्हाडचा ऱ्ह

२७ ऑगस्ट २०१४ रोजी तेव्हाचे माहिती तंत्रज्ञान मंत्री रविशंकर प्रसाद यांच्या हस्ते देवनागरी ‘.भारत’ सुरू झाले. हिंदी, मराठी, कोकणी, बोडो, डोगरी, मैथिली, नेपाळी आणि सिंधी या आठ भाषांसाठी ते होते. आठ भाषा, एकच लिपी. म्हटले तर सोपे. पण कऱ्हाडच्या माणसाला त्यातली मेख लगेच कळेल.

‘कऱ्हाड’मधला ‘ऱ्ह’ आणि ‘दऱ्या’मधला ‘ऱ्य’ हिंदीला लागत नाही. हा अर्धा र संगणकावर दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एक, साधा ‘र’, हलन्त आणि त्यामागे एक अदृश्य जोडचिन्ह. दुसरी, नुक्त्याचा ‘ऱ’ आणि हलन्त. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. डोमेन नावांच्या २००३ च्या नियमांत अदृश्य चिन्ह गाळून टाकले जाई. मग पहिल्या तऱ्हेने लिहिलेल्या ‘दऱ्या’चा ‘दर्या’ व्हायचा, म्हणजे डोंगराच्या वाटेने निघालेला माणूस समुद्रात. २०१० च्या सुधारित नियमांत त्या चिन्हाला अटींवर जागा मिळाली, पण मुळाच्या पातळीवर ते नकोच, असे पुढे ठरले.

ते ठरवण्याच्या कामात आपली माणसे होती. ब्राह्मीकुळातल्या नऊ लिप्यांचे नियम लिहिणाऱ्या गटाचे सहअध्यक्ष होते भाषावैज्ञानिक उदयनारायण सिंह, पुण्याच्या सी-डॅकचे महेश कुलकर्णी आणि जयपूरचे अजय डाटा. त्यांनी देवनागरीच्या नियमांत ‘ऱ’ घेतला आणि त्याच्या हलन्तानंतर ‘य’ किंवा ‘ह’ येऊ शकतो अशी तजवीज केली. २०१९ मध्ये मुळाच्या नियमसंचात देवनागरी व कन्नड दोन्ही दाखल झाल्या. ‘ॲ’ची गोष्टही अशीच. ‘उदाहरण.परीक्षा’ सुरू झाले तेव्हा हे मराठी अक्षर एकसंध रूपात युनिकोड या जगभरच्या लिप्यांच्या संचात नव्हतेच. ते २००८ मध्ये आले. चाचणी मराठीत झाली असती तर या दोन अक्षरांची अडचण पहिल्याच आठवड्यात चव्हाट्यावर आली असती.

@ च्या डावीकडे

डोमेन झाले. ई-मेलचा डावा भाग, म्हणजे माणसाचे नाव, अजून रोमनच होते. तिथे प्युनीकोडची युक्ती चालत नव्हती, कारण @ च्या डावीकडे काय लिहिले आहे याचा अर्थ लावण्याचा हक्क फक्त पत्र घेणाऱ्या सर्व्हरचा. वाटेतल्या कुणी त्यात ढवळाढवळ करायची नाही. म्हणून इथे पहिला, अवघड मार्ग घ्यावा लागला : सगळी साखळीच बदलायची. फेब्रुवारी २०१२ मध्ये जॉन क्लेन्सिन आदींनी लिहिलेल्या आरएफसी ६५३० ते ६५३३ या प्रमाणकांनी ते नियम ठरवले. पाठवणाऱ्या सर्व्हरने विचारायचे, ‘युनिकोड पत्ता समजतो का?’ पलीकडून ‘हो’ आले तरच पत्र पुढे. एक जरी कडी ‘नाही’ म्हणाली, तरी पत्र परत.

जीमेलने ५ ऑगस्ट २०१४ रोजी अशी पत्रे घेण्याची-देण्याची सोय केली, ‘.भारत’च्या तीन आठवडे आधी. पण स्वतः तसा पत्ता मात्र दिला नाही. तो दिला अजय डाटा यांच्या जयपूरच्या कंपनीने. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांचे ‘डेटामेल’ आले आणि हिंदी, मराठीसह भारतीय भाषांत फुकट पत्ते मिळू लागले. पुढच्या वर्षाअखेर राजस्थान सरकारने नागरिकांसाठी ‘राजस्थान.भारत’चे पत्ते सुरू केले. फेब्रुवारी २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने पंधरा भारतीय भाषांतल्या पत्त्यांना आपल्या सेवांत वाट दिली.

जुन्या नियमाप्रमाणे डाव्या भागाला ६४ बाइटची मर्यादा आहे आणि एका देवनागरी चिन्हाला तीन बाइट लागतात. ‘ज्ञानेश्वर’मध्ये हलन्त, काना, मात्रा धरून दहा चिन्हे, म्हणजे तीस बाइट. पुढे टिंब आणि ‘कुलकर्णी’ची चोवीस. एकूण पंचावन्न, बसले. रोमनमध्ये हेच नाव वीस बाइटचे. पण त्या विसांत ‘ज्ञ’ नाही. मराठी माणूस तिथे डी-एन-वाय लिहितो, हिंदी माणूस जी-वाय, कन्नड माणूस जे-एन. बेंगळुरूच्या कुठल्याही कार्यालयात या नावाच्या माणसाला फोनवर आपला पत्ता एकेक अक्षर सुटे करून सांगावा लागतो.

फॉर्म नाही म्हणतो

मग अडले कुठे? बहुतेक वेळा फॉर्मपाशी. वेबपानावरचा ई-मेलचा रकाना भरला की आत एक छोटा नियम पाहतो : ए ते झेड, शून्य ते नऊ, टिंब, अधोरेघ. हा नियम कुणीतरी कधीतरी लिहिला आणि तो एका प्रकल्पातून दुसऱ्यात उचलला जात राहिला. देवनागरी पत्ता घातला की लाल अक्षरांत सूचना येते, ‘कृपया वैध ई-मेल भरा.’ सर्व्हर तयार असतो, प्रमाणक तयार असते, पण पत्र निघण्याआधीच दारावरचा पहारेकरी नकार देतो. हे नकार शोधून दुरुस्त करून घेण्यासाठी २०१५ पासून ‘सार्वत्रिक स्वीकृती’ नावाचा जागतिक गट काम करतो.

पहारेकऱ्याला कुणी शिकवलेच नाही, कारण फॉर्म तपासणाऱ्याच्या हातात देवनागरी नमुना नव्हता. जे. पी. नगरातून रोज बन्नेरघट्टा रस्त्याच्या वाहतुकीत अडकत कामावर जाणारी कितीतरी माणसे हेच काम करतात. जगभरच्या फॉर्मांची परीक्षा या शहरात होते. तपासणीच्या तक्त्यात बरोबर पत्ते, चुकीचे पत्ते, फार लांब पत्ते असतात. ‘बरोबर’च्या रकान्यात रोमनच असते. देवनागरी पत्ता कधी आलाच, तर ‘चुकीच्या’ रकान्यात येतो आणि फॉर्मने तो नाकारला की तपासणी उत्तीर्ण होते.

महाराष्ट्रातल्या शाळांतही तेच चालते. दहावीच्या मराठीच्या पत्रलेखनात पाठवणाऱ्याच्या नावाखाली ई-मेल लिहितात. प्रेषक अ. ब. क., गाव देवनागरीत, मायना शुद्ध मराठीत, आणि ई-मेलच्या ओळीत रोमन एबीसी, एक्सवायझेड. ‘एबीसी डॉट कॉम’ ही अमेरिकेतली खरी दूरचित्रवाणी कंपनी आहे, हे मुलांना कुणी सांगत नाही. मराठीच्या पेपरात मराठी पत्ता चुकीचा ठरेल की काय, ही धास्ती सोळाव्या वर्षीच पक्की होते.

‘.भारत’ सुरू करताना मंत्री आले, पत्ते वाटताना बातम्या झाल्या. नमुन्याचा पत्ता काढून टाकला त्या दिवशी कुणाच्या लक्षात आले नाही, आणि माझ्या मते नुकसान तिथेच झाले. खरा पत्ता एका माणसाचा असतो. नमुन्याचा पत्ता पाठ्यपुस्तक, फॉर्म, तपासणीचा तक्ता, सगळीकडे जातो आणि ‘असेही असते’ हे शिकवतो. आज कुणी तपासनीस चांगल्या मनाने ‘ज्ञानेश्वर’च्या पुढे @ घालून कऱ्हाडच्या नावाचा ‘.भारत’ पत्ता तक्त्यात लिहील, तर तो पत्ता कुणा खऱ्या माणसाचा निघू शकतो. म्हणजे १९९९ मध्ये रोमनसाठी सुटलेला पेच देवनागरीसाठी अजून तिथेच आहे. तो सोडवायला नवे तंत्र लागत नाही. देवनागरीत आणि कन्नडमध्येही, ‘हे नाव कुणाला मिळणार नाही, नमुना म्हणून हवे तिथे छापा’ अशी आरएफसी २६०६ सारखी एक जाहीर, जगमान्य नोंद लागते. ती झाली, की दहावीच्या पुस्तकात ती ओळ मराठीत छापायला मंडळाला आणि ‘बरोबर’च्या रकान्यात ती चढवायला तपासनिसाला कुणाची परवानगी लागणार नाही.